नवसाची आगबोट

मोबाइल इथंच ठेवा. चार्जर, गॉगल, पाण्याची बाटली, सगळं ठेवा. मनगटावरचं घड्याळही काढा. जालन्याकडच्या केदारखेड्यात आपण सावली पाहून वेळ ओळखणार आहोत आणि त्या काळच्या मुंबईतली घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवतात, तेव्हा त्याचा उपयोग कुठंच नाही. नवरा किंवा बायको, जे कोणी असेल त्याला मात्र विसरू नका. ही सफर जोडीनंच करायची आहे.

साल 1938. महिना वैशाख.

बसला चटका? ती पूर्णेची वाळू आहे. नदी आहे, पण पाणी वाळूच्या खाली गेलंय. बायांनी पात्रात हातानं झिरे उकरलेत. एकेका झिऱ्याशी एकेक जण उकिडवी बसून वाटीनं पाणी हंड्यात भरतेय. हंडा भरेपर्यंत पाठ भाजून निघते. वारा अंगाला लागला की घाम फुटायच्या आत वाळतो आणि मानेवर मिठाची पांढरी रेघ उमटते. गोठ्यात बैल जीभ काढून उभे, लिंबाखाली कुत्रं पोटानं गार माती शोधतंय, आणि दुपारच्या त्या फुफाट्यात कावळासुद्धा ओरडायचा कंटाळा करतोय.

तुमच्यातल्या एकाच्या अंगावर आता धोतर, सदरा आणि डोक्याला पटका आहे. दुसरीच्या अंगावर नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. आरसा शोधू नका, घरात एकच आहे आणि तो तळहाताएवढा. त्याहून अवघड गोष्ट पुढंच आहे. तुम्ही दोघं नवरा-बायको आहात, पण दिवसा एकमेकांशी बोलायचं नाही. सासू माजघरात, सासरा ओसरीवर, जाऊ चुलीपाशी, दीर गोठ्यात. निरोप द्यायचा तर पोराच्या तोंडी. "तुझ्या बापाला म्हणावं, ज्वारी दळून आणायची हाय," हे वाक्य ती बोलते तेव्हा तो बाप दोन हातांवर बसलेला असतो. नाव घ्यायचं तर उखाण्यात. शेजारी-शेजारी बसायचं ते लग्नात पाटावर किंवा सत्यनारायणाला, आणि दोन्हीकडे मध्ये भटजी असतात.

अशा घरातून निव्वळ मौजेसाठी जोडीनं बाहेर पडायचं कसं?

मौजेसाठी नाहीच पडायचं. देवासाठी पडायचं. मागं एक कीर्तनकारबुवा सांगून गेलेत की कोकणात देवगडजवळ कुणकेश्वर म्हणून महादेव आहे, त्याच्या पायरीशी समुद्र येतो, तिथल्या लोकांची ती काशीच. तुमच्या गावाच्या नावात केदार, म्हणजे महादेव तर घरचाच. थोरलं पोर तापातून उठलं तेव्हा तुम्ही त्या दर्याकाठच्या महादेवाला नवस बोललात. खरंच बोललात की नंतर सुचलं, ते मी विचारत नाही. ओसरीवरून हुकूम येतो: "देवाचं काम हाय, तर जाऊन या. पेरणीच्या आत परता म्हणजे झालं."

झालं काम. बांधा वळकटी.

शिदोरीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदे आणि थोड्या वाळवलेल्या भाकरी. फिरकीच्या तांब्यात झिऱ्याचं पाणी. पत्र्याची पेटी बैलगाडीत, खाली कडबा, त्यावर घोंगडं. ऊन खाली गेल्यावर निघायचं आणि रात्रभर चालायचं. राजूरला गणपतीच्या डोंगराला अंधारातच हात जोडा. चाकांचा करकर आवाज, बैलांच्या घुंगरांचा ठेका, गाडीवानाच्या विडीचा वास. गाडीत तुम्ही पुढं, ती मागं. अजून आपला मुलूख आहे, ओळखीचं कुणी भेटेल.

जालन्यात सराफाच्या दुकानी थांबावं लागतं. तुमच्या कनवटीला हाली सिक्का आहे, निजामाच्या राज्यातला. मनमाडच्या पुढं तो कुणी घेत नाही, तिथं इंग्रजांचा कलदार लागतो. साधारण सात हाली मोजा तेव्हा सहा कलदार हातात पडतात. सराफ प्रत्येक नाणं दगडावर वाजवून घेतो. परदेशी निघाल्यासारखं वाटलं ना? तसंच आहे. तुमच्या मुलखाचं नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं आणि रेल्वेही निजामाची.

ती रेल्वे लहान लाईनची. लाकडी बाकं, खिडकीतून येणारे कोळशाचे कण, डोळ्यांत कचकच. औरंगाबाद जातं, दौलताबादचा किल्ला जातो, अंकाई-टंकाईचे सुळके दिसले की मनमाड. इथं पेटी, वळकटी, तांब्या आणि एकमेकांना सांभाळत मोठ्या लाईनच्या गाडीत चढा. इगतपुरीला धुराचं इंजिन काढून विजेचं लावतात. धूर नाही, शिट्टीचा आवाजही वेगळा. तुमच्या शेजारचा म्हातारा हात जोडतो. तुम्ही हसू नका. तुम्ही यापेक्षा बरंच काही पाहिलंय, हे इथं कुणाला सांगायचं नाही.

घाट उतरताना हवा बदलते. केदारखेड्याचं ऊन कोरडं, सरळ तोंडावर मारणारं. इथलं ऊन मुकाट्यानं अंगाला चिकटतं. बोरीबंदरला उतरेपर्यंत सदरा पाठीला डकलेला आणि लुगड्याच्या निऱ्या जड. घाम निघतो, पण वाळायचं नाव नाही.

आता घाई करा, पण घड्याळांच्या नादी लागू नका. रेल्वेचं घड्याळ एक वेळ सांगतं आणि शहरातलं मुंबई टाइमवालं त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. आगबोट कुठल्या वेळेनं सुटते, हे तीन जणांना विचारलं तर तीन उत्तरं येतात. घोडागाडीवाल्याला फक्त "भाऊचा धक्का" म्हणा. त्याला कळतं. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हा धक्का बांधला. गावात भाऊ पुष्कळ असतात, धक्का एकाच्याच नावावर.

नाक सांभाळा. सुकी मासळी, ओली मासळी, डांबर, सडलेली फणसाची पात, कोळशाचा धूर, माणसांचा घाम, आणि या सगळ्यांखालून येणारा खारा, कुबट असा एक वास जो तुम्हाला अनोळखी आहे. तो समुद्राचा. ती पदराचं टोक नाकाला लावते आणि पदराआडून वाकून बघते. केवढं पाणी! झिऱ्यात वाटी बुडवून वाढलेली बाई ती. तिच्या डोक्यात पहिला हिशेब कशाचा येतो, ओळखा. "एवढ्यात किती हंडे?"

पण उभं राहून बघायला सवड नाही. गिरणगावातले चाकरमानी सुटीवर गावाला निघालेत. ट्रंका, बोचकी, करंड्या, पिंजऱ्यातला पोपट, एका पोराच्या हातात रंगीत कागदाचं भिरभिरं. हमाल पाठीवर पेटारा घेऊन "बाजू, बाजू" ओरडत अंगावरूनच जातो. भोंगा वाजतो तो पोटात घुमतो. शिडीवर पाय ठेवला की ती खालून हलते. मागचा ढकलतो, पुढचा थांबतो, आणि तुमचं माणूस हरवेल या भीतीनं तुम्ही तिचं मनगट पकडता. दिवसाढवळ्या. शेकडो लोकांदेखत. आणि कुणी बघत नाही.

डेकवर पळा. इथं आसनाला नंबर नाही. ज्याची सतरंजी आधी पसरली त्याची जागा. अनुभवी माणसं वारा कुठून येणार, ऊन कुठं फिरणार आणि इंजिनाची धग कुठवर पोचणार हे पाहून बैठक मारतात. तुम्ही नवखे, तुम्हाला मिळते ती धुरांड्याजवळची चिंचोळी पट्टी. एका बाजूला वेंगुर्ल्याच्या आजीबाई आणि त्यांचा पानाचा डबा, दुसऱ्या बाजूला मिलमधले दोन भाऊ आणि त्यांची पत्ते खेळायची सोय. दोघांत एक सतरंजी. लांब सरकून बसायचं म्हटलं तरी जागा नाही. मांडीला मांडी लावून बसावं लागतं. ती आधी चोरून इकडे-तिकडे बघते. सासू नाही, जाऊ नाही, पाटलीणबाई नाही. आजीबाई विचारतात, "नवरो तुझो?" ती मान हलवते. आजीबाईंना यात विशेष काही वाटत नाही, त्या सुपारी कातरू लागतात.

ही त्या आगबोटीची खरी करामत. घरात चार भिंती होत्या आणि एकांत नव्हता. इथं पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्हा दोघांना मोकळीक आहे.

मुंबई मागं सरते. डावीकडे डोंगर, उजवीकडे काहीच नाही. हे "काहीच नाही" तुम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. केदारखेड्यात नजर कुठं तरी अडते, बांधावर, लिंबावर, राजूरच्या डोंगरावर. इथं ती जाते आणि परतच येत नाही.

मग बोट डुलू लागते आणि पोटातले धपाटे वर यायला बघतात. याला इथं "बोट लागली" म्हणतात आणि ती लागते तेव्हा पटका, कुंकू, पत, काहीच बघत नाही. पत्त्यांचा डाव मोडतो. पोपटवाले काका कठड्याला लोंबकळतात. आजीबाई लिंबाची फोड पुढं करतात: "चोख, आणि लांब बघ. पाण्याकडे नको बघू." फोड अर्धी तुम्ही, अर्धी ती. एका फोडीला दोघांनी तोंड लावलेलं घरी कुणी पाहिलं असतं तर? पण पाहणार कोण, सगळेच कठड्यावर वाकलेत.

"लांब बघ" म्हटल्यावर दिसतात ती बेटं. थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी, जोडीनं. खांदेरीवर दीपगृहाचा पांढरा मनोरा, उंदेरी बुटकी, काळ्या दगडांची. मिलमधला धाकटा भाऊ सांगतो, मोठी ती खांदेरी, छोटी ती उंदेरी. ती म्हणते, "म्हंजे थोरली जाऊ आन् धाकटी जाऊ." आणि बोट लागलेली असूनही तुम्ही मोठ्यानं हसता. तिला कधी असं बोलताना ऐकलं होतं? बोलत असेल ती, झिऱ्यावर, बायकांत. तुमच्यापर्यंत कधी आलं नव्हतं.

दुपार कलायला लागते तेव्हा मुरूडसमोर पद्मदुर्ग येतो, पाण्याच्या थपडा खाऊन दगड झिजलेला, आणि पुढं जंजिरा. चहूकडून पाणी आणि मधोमध तो कोट उभा, बुरुजाला लागून बुरुज. दार कुठं आहे तेच दिसत नाही. शिडाची होडी त्याच्या अंगावर जाते, आता आपटणार वाटतं, आणि अचानक भिंतीत गडप होते. डेकवर सगळे एका बाजूला धावतात, बोट किंचित कलते, खलाशी ओरडतो. मासळीचे काप तळल्याचा वास खालून येतो आणि ज्यांना बोट लागली नाही त्यांना भूक लागते.

ही आगबोट चालवणाऱ्या कंपनीच्या काही बोटींना संतांची नावं आहेत. धक्क्यावर तुम्ही "रामदास" हे नाव वाचलंत ना? नवी कोरी, दोनच वर्षांपूर्वी बांधलेली. नऊ वर्षांनी, 1947 च्या जुलैत, रेवसच्या वाटेवर ती बुडणार आहे आणि सहाशेवर माणसं जाणार आहेत. तुम्हाला माहीत आहे, आजीबाईंना नाही. पावसाळा जवळ आला की आजीबाई दर्याला का नमस्कार करतात आणि जून लागायच्या आत घर का गाठतात, ते मात्र त्यांना तुमच्यापेक्षा बरं ठाऊक आहे. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या बंदरांना बोट जातच नाही. म्हणून तर ही वैशाखातली गर्दी.

हर्णैला ऊन सोनेरी होतं. सुवर्णदुर्ग काठापासून थोडा आत, पाण्यात पाय सोडून बसलेला. इथं धक्का नाही. आगबोट दूर नांगर टाकते आणि किनाऱ्यावरून पडाव येतात, वल्ही मारत, एकमेकांच्या पुढं जायची शर्यत लावत. आगबोटीच्या बाजूचं दार उघडतं. लाट पडाव वर उचलते, खाली नेते. उतरणाऱ्यानं नेमक्या वरच्या क्षणाला पाय टाकायचा. खलाशी हाताला धरून "आता!" म्हणतो आणि माणूस सुटतो. एक बाळ असंच या हातातून त्या हातात जातं, मागून ट्रंक, मागून फणस. बाळाची आई शेवटी. बाळ रडत नाही, फणसवाला रडकुंडीला येतो. खालून घमेल्यातून सुरमई चढते, ओली, चंदेरी, आणि तिचं पाणी तुमच्या सतरंजीवर सांडतं.

अंधार पडतो. इंजिनाची धडधड आता जमिनीतून येतेय असं वाटतं. धुरांड्यातून ठिणग्या उडतात. भजनाचा एक फड जमलाय, टाळ नाहीत तर पितळी डबा वाजतोय. वारा खारट आहे, ओठांवरून जीभ फिरवली की कळतं. ती सतरंजीचा कोपरा पायाशी ओढून घेते आणि बोलू लागते. लहानपणी पूर्णेला पूर आला तेव्हा तिचं करडू वाहून गेलं होतं, ते. तुमच्या थोरल्या बहिणीनं लग्नात तिला काय बोलून दाखवलं, ते. तिला दोडक्याची भाजी आवडत नाही, तेसुद्धा. इतकी वर्षं तुम्ही दोघं एका ताटाच्या मागं-पुढं जेवलात आणि दोडक्याचं तुम्हाला आज कळतंय. मग तुम्हीही सांगता. गेल्या साली सरकीच्या व्यवहारात किती बुडालात, जे बापालाही सांगितलं नव्हतं. ती रागावत नाही. "एवढंच व्हय?" म्हणते.

रत्नागिरी येते, दिव्यांची रांग येते, अर्धा डेक रिकामा होतो. आता पाय पसरा. आभाळ उघडं आहे. विजयदुर्गाचा काळा आकार कधी येऊन गेला ते झोपेत कळत नाही.

उत्तररात्री नांगराची साखळी खडखडते. खालून हाक येते, "देवगड! देवगड उतरणारे!" पुन्हा, मोठ्यानं, "देऽवगड!" पेट्या सरकतात, पोरं किरकिरतात, पडाव बोटीच्या अंगाला घासतो. तुम्ही दोघं गाढ झोपेत. वळकटीवर डोकं, डोळे घट्ट मिटलेले. साखळी वर येते. भोंगा होतो. महादेव मागं राहतो.

उजाडतं तेव्हा समोर मालवण. तिकीट तपासणारा तुमची तिकिटं उलटसुलट करतो. "देवगड मागे गेला." तुम्ही चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणता. तीही पदर तोंडाला लावून हळहळते. जादा आणे मोजा, पडावात उडी मारा, आणि गुडघाभर पाण्यातून वाळूवर या. ही वाळू भाजत नाही. ओली आहे, पायाखालून सरकते, बोटांत गुदगुल्या करते. ती पुन्हा पाण्यात जाते, लाट येऊ देते, निऱ्या भिजवून घेते आणि तुमच्याकडे बघून लहान पोरीसारखी हसते.

देवगडाकडे परत जाणारी बोट लगेच नाही. मग काय करायचं? समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. होडीवाला विचारतो, "खंयसून इलात?" तुम्ही सांगता, "जालन्याकडून, केदारखेडा." त्याला जालना कुठं आहे ते ठाऊक नाही, तुम्हाला त्याचं बोलणं अर्धं कळत नाही, भाव मात्र दोघांनाही नीट कळतो. घासाघीस उरका आणि बसा.

वल्ह्याला पाणी लागल्याचा चुबुक-चुबुक आवाज. खाली खडक दिसतात, हिरवे, शेवाळलेले, होडीवाला त्यांच्यामधून वाट काढतो. तट अगदी जवळ येतो तरी दार नाही. बुरुजाला वळसा घातला की अचानक उघडतं. आत माणसं राहतात. माड आहेत, परसात केळी, दोरीवर धुणं, चुलीवर उकड्या तांदळाची पेज शिजतेय. शिवरायांची मूर्ती असलेलं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. ती ठशासमोर डोकं टेकते.

पण ती खरी थबकते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी, आणि मध्ये तीन गोड्या विहिरी, भर वैशाखात. ती कठड्यावरून वाकते. इथल्या एका बाईनं कळशी ओढलीय, ती ओंजळ पुढं करते. एक घोट तोंडात घोळवते, जसा जाणकार तंबाखू पारखतो. तुम्ही निकालाची वाट बघता.

"ग्वाड हाय," ती म्हणते. मग आणखी एक ओंजळ. मग तांब्यातलं केदारखेड्याचं पाणी त्या बाईला देते, "ह्ये आमचं, चाखून बघा." बाई चाखते, मान डोलावते. झिऱ्यातल्या पाण्याला समुद्रकाठी दाद मिळाली. गावी हे कुणाला पटणार नाही.

परतीच्या होडीत ऊन चढलंय. ती पाण्यात हात सोडून बसलीय आणि सहज बोलून जाते, "देवगडाला त्यो किती जोरात वरडला, नाही का? तिसऱ्यांदा तर निस्ता घसाच फोडला त्यानं."

तुमच्याही तोंडून निघून जातं, "तिसऱ्यांदा कुठं? दोनदाच तर वरडला."

होडीत कुणी काही बोलत नाही. ती तुमच्याकडे बघते. तुम्ही तिच्याकडे. मग जे हसू फुटतं त्यानं होडी कलंडायला लागते. होडीवाला वल्हं आपटून ओरडतो, "गप बसा, पाण्यात पडशात!" पण ते थांबत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, पटका सुटतो, तिचा पदर खांद्यावरून ढळतो आणि ती सावरायच्या भानगडीत पडत नाही.

किनाऱ्यावर होडीवाला विचारतो, "आता खंय जावचा आसा?"

देवगडाची बोट उद्या. वेंगुर्ल्याची आज संध्याकाळी, आणि आजीबाईंनी घराचा पत्ताही देऊन ठेवलाय. कनवटीचे कलदार मोजा. वेंगुर्ल्यापर्यंत पुरतात, परतीच्या वाटेवर कुणकेश्वर होतो आणि पेरणीच्या आत घरही गाठता येतं. महादेव रागवायचा नाही. संसार त्यालाही आहे.